ज्या रांगेत तारीख टिकत नाही

अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांना रांग म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. ग्रीन कार्डसाठीची आमची रांग वर्षानुवर्षे हलत नाही, आणि त्याबद्दल तक्रार करणे हा इथल्या प्रत्येक घरगुती जेवणाचा ठरलेला भाग असतो. तरीही या रांगेत एक आधार असतो, तो म्हणजे अर्जाला लागलेली ‘प्रायॉरिटी डेट’. अर्ज मंजूर होऊन पुरेसा काळ गेला असेल, तर नोकरी बदलली किंवा कंपनी बदलली तरी ती तारीख सहसा आपल्याबरोबर येते. थांबलेली वर्षे आपल्या नावावर जमा राहतात. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, सीमेच्या पलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात, अमेरिकेचा आश्रय मागण्यासाठी थांबलेल्या माणसांच्या नावावर असे काहीच जमा होत नाही, हे मी तिथे जायला लागल्यानंतर हळूहळू माझ्या लक्षात आले. धोरण बदलले की रांग बदलते, आणि नव्या रांगेत प्रत्येक जण पहिल्या दिवसाचा असतो.

मी एका जैवतंत्रज्ञान कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझे काही सहकारी तिहुआनात राहतात आणि रोज सीमा ओलांडून कामाला येतात. त्यांच्यामुळे माझे स्पॅनिश बोलण्याइतपत तयार झाले आणि त्यांच्यापैकीच एकीमुळे २०१९ मध्ये मी झोना नोर्ते या वस्तीतल्या एका निवाऱ्यात सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. काम साधे होते: अर्ज भरून देणे, पत्रे वाचून दाखवणे, कागदांच्या प्रती काढणे. ट्रॉली या शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनने सॅन इसिद्रोच्या सीमानाक्याला उतरायचे आणि पायी पलीकडे जायचे. माझ्या पासपोर्टावर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोत शिरायला मला काही मिनिटे पुरत असत. ज्या लोकांसाठी मी जात होते, त्यांच्या दृष्टीने हेच अंतर किती महिन्यांचे आहे, याचे उत्तर मात्र दर थोड्या दिवसांनी बदलत असे. (त्यांची ओळख पटू नये म्हणून पुढे मी काही तपशील मुद्दाम गाळले आहेत.)

कायदा तसा स्पष्ट आहे. १९८० च्या निर्वासित कायद्यापासून अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात अशी तरतूद आहे की, अमेरिकेच्या भूमीवर असलेली किंवा तिथे येऊन पोहोचलेली कोणतीही परदेशी व्यक्ती, ती अधिकृत नाक्यातून आलेली असो वा नसो, आश्रयासाठी अर्ज करू शकते. हा हक्क भूमीवर पाऊल ठेवल्यावर सुरू होतो, आणि म्हणूनच गेल्या दशकातली बहुतेक सगळी धोरणे त्या पावलाच्या आधीच्या क्षणाबद्दल आहेत. पाऊल पडले तर कायदा लागू होतो, तेव्हा ते पडू द्यायचे की नाही, कधी, कोणाचे आणि दिवसाला किती जणांचे, एवढाच प्रश्न उरतो.

मी जाऊ लागले तेव्हा तिथे वहीची पद्धत चालू होती. २०१६ मध्ये हैतीहून आलेल्या लोकांची गर्दी झाली, तेव्हा सॅन इसिद्रोच्या नाक्यावर दिवसाला ठरावीक लोकांनाच आत घेण्यास सुरुवात झाली, आणि २०१८ मध्ये ही पद्धत संपूर्ण दक्षिण सीमेवर लागू झाली. बाकीच्यांनी कुठे आणि कोणत्या क्रमाने थांबायचे हे अमेरिकेने सांगितले नव्हते. मग नाक्याच्या मेक्सिकन बाजूला असलेल्या एल चापरालच्या चौकात आश्रयार्थींनीच एक वही चालवायला घेतली. प्रत्येक क्रमांकाखाली सुमारे दहा नावे असत. सकाळी क्रमांक पुकारले जात, आणि रात्री वही मेक्सिकन सरकारच्या ‘ग्रुपो बेता’ या स्थलांतरित साहाय्य पथकाकडे ठेवली जाई. कोणत्याही कायद्यात या वहीचा उल्लेख नव्हता, तरीही माणसे त्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर बाळगत. पुकारा झाला त्या सकाळी कोणी रुग्णालयात असला, तर पुढे काय करायचे ते वही सांभाळणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे.

जानेवारी २०१९ मध्ये त्यावर आणखी एक थर चढला. ‘मेक्सिकोतच थांबा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या धोरणानुसार, क्रमांक लागून आत गेलेल्या माणसाला न्यायालयाची तारीख देऊन परत तिहुआनात पाठवले जाऊ लागले. सुनावणी सॅन डिएगोत असे आणि राहणे तिहुआनात. सुनावणीच्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास लहान मुलांना उठवून नाक्यावर हजर व्हायचे आणि संध्याकाळी परत निवाऱ्यात यायचे, असा तो क्रम होता. सुमारे सत्तर हजार लोक या व्यवस्थेतून गेले. अमेरिकेतला वकील मेक्सिकोत राहणाऱ्या अशिलाला भेटणार कसा, हा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी शेवटपर्यंत सुटला नाही.

मार्च २०२० मध्ये हे सगळे एकदम थांबले. साथीचे कारण देऊन ‘टायटल ४२’ हा आरोग्यविषयक आदेश लागू झाला. त्यानुसार सीमेवर आलेल्या माणसाला आश्रयाची मागणी न ऐकताच परत पाठवता येत होते. वहीत नाव घालणे बंद झाले. ज्यांचा क्रमांक पुढच्या आठवड्यात लागणार होता आणि ज्यांनी कालच नाव घातले होते, ते एका रात्रीत सारखे झाले. साथीच्या भीतीच्या त्या दिवसांत मला तो आदेश सुरुवातीला समजण्यासारखा वाटला होता. पण पर्यटकांना आणि विद्यार्थ्यांना विमानाने येता येऊ लागल्यानंतरही तो चालूच राहिला, तेव्हा त्यातला आरोग्याचा भाग किती आणि सीमेचा भाग किती हे वेगळे सांगायची गरज उरली नाही. पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर दार उघडेल या आशेने लोकांनी फेब्रुवारी २०२१ पासून एल चापरालच्या चौकातच तंबू ठोकले. दार उघडले नाही. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मेक्सिकन प्रशासनाने ती तंबूवस्ती हटवली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी युक्रेनियन लोक आले. ते विमानाने तिहुआनात उतरत, स्वयंसेवकांनी केलेल्या यादीत नाव घालत, महापालिकेच्या क्रीडासंकुलात एकदोन रात्री काढत आणि पलीकडे जात. टायटल ४२ मधून त्यांना सूट देण्यात आली होती. त्यांना ती मिळाली याचे मला वाईट वाटले नाही, कोणालाच वाटू नये. पण दोन वर्षे थांबलेली होंडुरासची एक बाई त्या दिवसांत मला म्हणाली की, इतकी माणसे एका दिवसात आत घेता येतात हे तिला माहीतच नव्हते. नाक्याची क्षमता तेवढीच आहे, हे वाक्य मी स्वतः तिला अनेकदा समजावून सांगितले होते.

जानेवारी २०२३ मध्ये ‘सीबीपी वन’ या अमेरिकी सीमा यंत्रणेच्या मोबाइल अ‍ॅपवर अपॉइंटमेंट देण्यास सुरुवात झाली, आणि माझे निवाऱ्यातले काम पूर्ण बदलले. आता कागदाऐवजी फोन होते. पहिले काही महिने पद्धत अशी होती की, तिहुआनाच्या वेळेनुसार सकाळी सहा वाजता नव्या अपॉइंटमेंट खुल्या होत आणि बघता बघता संपत. सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकिटासाठी संगणकासमोर बसलेल्या मराठी माणसाला यापेक्षा अधिक वर्णनाची गरज नाही. फरक इतकाच, की इथे तिकीट न मिळालेल्याला दुसरी गाडी नव्हती. निवाऱ्यातले वायफाय एवढा भार सोसत नसे, म्हणून लोक पहाटे टेकडीवर जाऊन उभे राहत. स्वस्त फोनमध्ये जागा नसे, म्हणून अ‍ॅपची नवी आवृत्ती उतरवण्याआधी घरच्यांचे जुने फोटो पुसावे लागत. हे काम मी कोणासाठीही स्वतःच्या हाताने केले नाही. फोन त्यांच्याच हातात देत असे.

नोंदणी एका माणसाची नव्हे, तर कुटुंबाची असे. प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट असल्यास त्याचा क्रमांक आणि अमेरिकेतला पत्ता भरून झाल्यावर चेहऱ्याचे छायाचित्र घ्यावे लागे. समोर जिवंत माणूस आहे याची खात्री कॅमेऱ्याला पटेपर्यंत ते स्वीकारले जात नसे. तान्ह्या मुलाने ठरावीक क्षणी डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे पाहावे ही अपेक्षा ज्याने केली, त्याच्या घरी तान्हे मूल नसावे. काळ्या वर्णाच्या माणसांचे चेहरे सुरुवातीला अ‍ॅप ओळखतच नसे. हैतीची माणसे निवाऱ्यातल्या एकमेव प्रखर दिव्याखाली उभी राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत. अ‍ॅप प्रथम इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होते, पुढे हैतीची क्रिओल आली. ग्वाटेमालाहून आलेल्या आणि फक्त माम भाषा बोलणाऱ्या आजीला कोणी तरी स्पॅनिशमधून समजावल्याशिवाय गत्यंतर नव्हते. शिवाय पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र पाच जागा मिळणे एकट्या माणसाला एक जागा मिळण्यापेक्षा फार कठीण होते. काही कुटुंबांनी मग नोंदणी तोडली, आणि वडील आधी व आई-मुले नंतर अशी विभागणी पत्करली.

मे २०२३ मध्ये टायटल ४२ संपले, आणि त्याच सुमारास अ‍ॅपची पद्धतही सुधारली. आता ठरावीक वेळेत विनंती नोंदवायची, त्यातून निवड होई, आणि निवड झाल्यावर तेवीस तासांच्या आत पुन्हा चेहरा दाखवून ती पक्की करायची. काही जागा जास्त काळ थांबलेल्यांसाठी राखल्या गेल्या. थांबण्याला थोडे तरी मोल देणारी अशी सरकारी व्यवस्था मी तिथे पहिल्यांदा पाहिली. मात्र हे थांबणेही नोंदणीच्या दिवसापासून मोजले जाई. वहीत किंवा चौकातल्या तंबूत काढलेले महिने त्यात धरले जात नसत. आठ नाक्यांवर मिळून आधी दिवसाला १,००० आणि जूनअखेरपासून १,४५० जागा दिल्या जात. त्याचबरोबर नवा नियम आला की, अपॉइंटमेंट न घेता सीमा ओलांडणारा माणूस, काही अपवाद सोडता, आश्रयाला अपात्र मानला जाईल. जून २०२४ च्या आदेशाने ही अट आणखी कडक झाली. अशा रीतीने अ‍ॅप हे दार राहिले नाही, ते एकमेव दार झाले.

मेक्सिकोच्याच मिचोआकान प्रांतातून आलेले एक कुटुंब मला या काळात जवळून पाहता आले. तिथल्या टिएरा कालिएंते भागात लिंबाच्या बागा आणि वेष्टन केंद्रे यांच्याकडून टोळ्या खंडणी घेतात. नवरा अशाच एका केंद्रात कामाला होता आणि एके दिवशी घरी परतला नाही. बाई, तिची दोन मुले आणि सासू २०२४ च्या वसंतात तिहुआनात आली. एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा कळत नाही, ती अशी की, तिहुआनात थांबलेल्यांमध्ये मेक्सिकन कुटुंबे खूप होती. ज्या देशातून पळायचे त्याच देशात थांबायचे, आणि पाठलाग करणाऱ्यांना बसचे तिकीट काढायला कोणतेही अ‍ॅप लागत नाही. या बाई निवाऱ्याच्या फाटकाबाहेर सहसा जात नसत. मुलांना शाळेत घालायचे नाव काढले की, “पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आली तर?” असे विचारत. असे आठवडे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले. सांगलीहून आई मला फोनवर विचारी, “त्या बाईंचं झालं का गं काम?” माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसे.

अपॉइंटमेंट मिळणे म्हणजे आश्रय मिळणे नव्हे, हे प्रत्येक कुटुंबाला समजावणे हा माझ्या कामाचा सर्वांत अवघड भाग होता. ठरल्या वेळी एल चापरालला जायचे, मेक्सिकन अधिकारी यादी तपासणार, मग पादचाऱ्यांच्या मार्गाने आत जायचे. तिथे बोटांचे ठसे, छायाचित्रे, प्रश्न, आणि न्यायालयात हजर राहण्याची नोटीस. बहुतेकांना दोन वर्षांपर्यंत तात्पुरता प्रवेश आणि कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची मुभा मिळे. खरा खटला त्यानंतर सुरू होई. एवढे ऐकूनही लोक त्या सकाळी सर्वांत चांगले कपडे घालत.

मिचोआकानच्या कुटुंबाला डिसेंबरच्या अखेरीस अपॉइंटमेंट आली. ती होती २० जानेवारी २०२५ ची, दुपारी एक वाजताची. नव्या अध्यक्षांच्या शपथविधीचा तोच दिवस होता. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी असल्याने मला कामावर जायचे नव्हते, आणि मी सकाळीच पलीकडे गेले. पहाटेच्या वेळेचे लोक आत गेल्याचे कळले होते. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा म्हणजे तिहुआनात सकाळचे नऊ. शपथविधीनंतर थोड्याच वेळात अ‍ॅपवर सूचना आली की, अपॉइंटमेंट देण्याची सोय आता उपलब्ध नाही आणि आधी दिलेल्या सर्व अपॉइंटमेंट रद्द करण्यात आल्या आहेत. आम्ही चौकात होतो. चौकातल्या लोकांना ही बातमी एकाच वेळी कळली नाही. ज्याचा फोन चालू होता त्याला आधी, ज्याची बॅटरी संपली होती त्याला शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून. बाईंनी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले. सासूबाईंनी सामानावरून उठायला नकार दिला, कारण त्यांच्या मते एक वाजायचा होता आणि एक वाजेपर्यंत कोणी काही म्हणू शकत नव्हते. एक वाजला. अधिकाऱ्यांनी कोणालाही पुढे सोडले नाही. त्या दिवशी सीमेवर सुमारे ३० हजार लोकांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, आणि विनंती नोंदवून थांबलेल्या लाखो लोकांची रांगच नाहीशी झाली.

नव्या सरकारला धोरण बदलण्याचा अधिकार नाही, असे मी म्हणत नाही. निवडणुकीत हे वचन उघडपणे दिले गेले होते आणि लोकांनी त्यावर मत दिले होते. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्यांनी सरकारनेच सांगितलेला मार्ग धरला, नियम पाळण्यासाठी भिंतीवरून उडी मारण्याचे टाळले आणि धोक्याच्या गावात आठ-नऊ महिने काढले, त्यांच्यासाठी संक्रमणाची एकही तरतूद नव्हती. कोणतीही बँक व्याजदर बदलते तेव्हा जुन्या ठेवींचे काय हे आधी सांगते.

पुढे गोष्टी भरभर घडल्या. मार्चमध्ये लोकांच्या फोनवरच्या त्याच अ‍ॅपचे नाव आणि काम बदलले. आता ते ‘सीबीपी होम’ झाले आणि त्यात अमेरिका स्वतःहून सोडून जाण्याची नोंद करण्याची सोय आली. एप्रिलमध्ये, अ‍ॅपद्वारे रीतसर आत गेलेल्या अनेकांना त्यांचा तात्पुरता प्रवेश रद्द झाल्याचे आणि देश सोडण्याचे ईमेल आले. त्यांतले काही जण आमच्याच निवाऱ्यातून गेले होते, आणि ते मला फोन करून विचारू लागले की न्यायालयातल्या त्यांच्या खटल्याचे काय. त्यासाठी वकीलच गाठा, एवढेच मी सांगू शकत होते. त्याआधीच आपल्याकडच्या बातम्यांतही हा विषय आला होता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला उतरवले, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्या आठवड्यात मला पुण्याच्या नातेवाइकांनी पहिल्यांदाच विचारले की मी तिहुआनात नेमके काय करते.

जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका संघीय न्यायालयाने, अध्यक्षीय घोषणेने आश्रयाचा कायदेशीर हक्क बाजूला सारता येत नाही, असा निकाल दिला. बाईंनी त्या संध्याकाळी मला विचारले, “म्हणजे आता उघडले का?” उघडले नव्हते. तो खटला अमेरिकेच्या भूमीवर असलेल्या लोकांपुरता होता, आणि पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने त्या निकालालाही काही प्रमाणात आवर घातला. बाई सीमारेषेच्या मेक्सिकन बाजूला होत्या, म्हणून त्या हिशेबातच नव्हत्या.

निवारा आता बराच रिकामा आहे. काही कुटुंबे आपापल्या प्रांतात परतली, काहींनी मेक्सिकोतच आश्रयासाठी अर्ज केला. मेक्सिकनांना तोही मार्ग नाही. बाई एका माकिलादोरा, म्हणजे निर्यातीचा माल बनवणाऱ्या, कारखान्यात जुळणीच्या कामाला लागल्या आहेत, आणि मुले अखेर शाळेत जाऊ लागली आहेत. माझे काम उरले आहे ते नोंदींचे. निवाऱ्याच्या संचालिकेच्या सांगण्यावरून आम्ही प्रत्येक कुटुंबासाठी एक पाकीट तयार करतो. तिहुआनात आल्याची तारीख, अ‍ॅपमधील नोंदणीचे छायाचित्र, अपॉइंटमेंटचा ईमेल, रद्द झाल्याची सूचना असे सगळे छापून आणि मेमरी कार्डावरही घालून त्यात ठेवतो. हे उगाच नाही. जुलै २०१९ मध्ये, तिसऱ्या देशातून आलेल्यांना आश्रय नाकारणारा नियम आला होता. तेव्हा त्याआधीच नाक्यावर थोपवून धरलेल्या बिगर-मेक्सिकन लोकांना तो लावू नये, असा आदेश सॅन डिएगोच्या न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये दिला, आणि आपण आधीपासून रांगेत होतो हे दाखवायला वहीतला क्रमांक कामी आला. बाईंनी आपले पाकीट सासूबाईंकडे दिले आहे. गेल्या आठवड्यात बाईंनी मला त्यात मुलांचे शाळेचे दाखलेही घालू का असे विचारले, आणि मी ते घालायला सांगितले.